क्लच घसरतोय की गिअर अडकतोय? : अनुभव धागा

पांदणीतल्या काळ्या मातीत चाकं रुतवून, घाटात अर्ध्या क्लचवर गाडी धरून आणि बाजारच्या गर्दीत शंभरदा गिअर बदलून आपल्याकडच्या गाड्यांचा क्लच लवकर थकतो. मग "गिअर पडत नाही" एवढंच सांगून गाडी गॅरेजात लावली जाते आणि काही ठिकाणी थेट गिअरबॉक्स उतरवला जातो. गिअरबॉक्स उतरवण्याआधी तुम्ही काय तपासता? आपबीती नको. लक्षण, तपासणी, कारण आणि सुटा भाग एवढंच लिहा. सुरुवात मी करतो.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद गाडीत अलगद पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नाहीत. बंद गाडीतही अडत असतील तर गिअर लिव्हरच्या केबल, बुश, गिअरबॉक्सचं ऑइल किंवा आतला भाग पाहावा. हे ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

मूर्तिजापूर, गॅरेज

वरच्याला जोडून रिव्हर्सची चाचणी. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी पितळी रिंग) नसतो, म्हणून तो क्लचची चुगली लगेच करतो. इंजिन गरम, गाडी न्यूट्रलमध्ये, पेडल पूर्ण दाबून मनात पाच अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. पाच अंकांनंतरही खर्रर्र आवाज आला, तर क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून (इंजिनच्या मागचं जड चाक) सुटत नाही आहे.

घसरण्याची चाचणी वेगळी. मोकळी सपाट जागा, समोर कोणी नाही, हँडब्रेक घट्ट. तिसरा किंवा चौथा गिअर टाकून थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. पेडल सुटूनही इंजिन फिरतच राहिलं, तर क्लच घसरतोय. एकदाच करा. दोन-तीनदा केलं तर धड असलेली प्लेटही तापते. रस्त्यावरचं लक्षण चढावर दिसतं : वरच्या गिअरमध्ये जोर दिला की आरपीएमचा काटा उडतो, पण वेग वाढत नाही.

दर्यापूर, चालक

आंधी पायाखाली पाहा ना भाऊ. जाड चटईवर अजून एक चटई टाकतेत लोकं, त्याच्यावर आवाराचा चिखल. पेडल पुरं खाली जातच नाई. चटई काढा, मंग गिअर टाकून पाहा. बिनपैशाचा इलाज हाय.

हिंगणघाट, मेकॅनिक

चटईचं हसू नका, खरं आहे. त्यानंतर फ्री प्ले, म्हणजे पेडलची मोकळी चाल. केबलच्या गाडीत पेडल हातानं दाबा. जड लागायच्या आधी ते जितकं मोकळं जातं, ते पट्टीनं मोजा. बहुतेक लहान गाड्यांत 10 ते 20 मिमीच्या आसपास असतं, पण शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा. काही गाड्यांत केबल स्वतःच जुळवून घेते, तिथे नट फिरवायला जाऊ नये.

इथे गोंधळ होतो म्हणून नीट सांगतो. प्लेट झिजते तसा फ्री प्ले कमी होतो. तो शून्यावर आला की रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) बोटांवर कायम टेकून राहतं आणि चांगली प्लेटही घसरू लागते. केबल ताणली गेली तर उलटं होतं : फ्री प्ले वाढतो आणि क्लच सुटत नाही. म्हणून घसरतोय म्हणून लगेच नवीन सेट टाकू नये, आधी केबल जुळवून पाहावी. जुळवायला आटेच उरले नसतील, तर मात्र सेटची वेळ आली.

पेडल जड लागत असेल तर केबल सोडून हातानं ओढून पाहा. आतली तार तुटायला लागली की ती अडत-अडत सरकते. अशी केबल तेल पाजून चालवू नये, बदलावी.

पुसद, गॅरेज

हायड्रॉलिक क्लचवर, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबानं चालणाऱ्यावर, कोणी लिहिलं नाही. तीन-चारदा पेडल पंप केल्यावर गिअर पडतो, पहिल्या दाबात पडत नाही : लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडलकडचा, दाब तयार करणारा) रबर गेलं आहे. मास्टर गळत असेल तर पेडलच्या दांड्यावरून आत, चटईखाली ओल दिसते. स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा, क्लच सोडवणारा सिलिंडर) बाहेर असेल तर गिअरबॉक्सच्या अंगावर. काही गाड्यांत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लचवरचं आवरण) आत असतो. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि उतरवलाच तर क्लच सेटही तेव्हाच पाहून घ्यावा. मजुरी एकच असते.

बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं ऑइल एकाच टाकीतून येतं. पातळी सारखी उतरत असेल तर तो ब्रेकचाही प्रश्न आहे. टाकीच्या झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 (ब्रेक ऑइलचा प्रकार) लिहिलेलं असतं, तेच टाका आणि सीलबंद बाटलीतलंच. उघडी बाटली हवेतला ओलावा ओढते. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबरं फुगतात. हवा काढताना दोघं लागतात : एक पेडल दाबून धरतो, दुसरा पारदर्शक नळी लावून निप्पल (हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडतो. पेडल वर सोडण्याआधी निप्पल बंद. बुडबुडे थांबेपर्यंत करा, टाकी मधेच रिकामी होऊ देऊ नका.

परतवाडा, चिखलदरा मार्गावरचा चालक

घाटाचं लिहितो. एकच गिअर खरखरत असेल, बहुधा वरून खाली येताना दुसरा, तर दोष क्लचचा नाही, त्या गिअरच्या सिंक्रो रिंगचा. क्लच बिघडला की सगळेच गिअर कुरकुरतात. तात्पुरतं म्हणजे डबल क्लच : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलकासा अ‍ॅक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून दुसरा.

उतारावर पाय उचलला की गिअर बाहेर पडतो, तर आधी इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारी रबरं) आणि लिव्हरची केबल पाहा. त्यानंतर आतली फोर्क (गिअर सरकवणारा काटा) आणि गिअरचे दात. हातानं लिव्हर दाबून धरून घाट उतरू नये, फोर्क झिजते.

वरोरा, मेकॅनिक

आवाजाचं थोडक्यात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू, पेडल दाबलं की किरकिर सुरू : रिलीज बेअरिंग. पेडल सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर बंद : गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून ताकद आत नेणारा दांडा) बेअरिंग.

पहिल्या गिअरला गाडी थरथरून उठते, त्याचं कारण प्लेटला लागलेलं तेल (इंजिनचं मागचं सील किंवा इनपुट शाफ्टचं सील), जळून डाग पडलेलं फ्लायव्हील किंवा माउंटिंग. तेल लागलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन परत बसवणारे आहेत. दोन दिवस चालते, सील तसंच असेल तर पुन्हा तेच.

आर्वी, शेतकरी आणि हौशी दुरुस्तीवाला

गिअर ऑइलचं. सपाट जागी गाडी, आधी भरायचा बोल्ट उघडतो का पाहा, मगच खालचा सोडा. रिकामा केल्यावर वरचा बोल्ट उघडला नाही तर गाडी जागच्या जागी अडकते. बऱ्याच बॉक्समध्ये भरायच्या छिद्राच्या काठापर्यंत ऑइल हीच पातळी. खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लुगदी चालते. पिवळी चमक दिसली तर सिंक्रोची पितळ, आणि तुकडे दिसले तर बॉक्स खोला. पुस्तकात जीएल-4 (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर जीएल-5 टाकू नका, त्यातली काही रसायनं पितळेला खातात.

आणि पऱ्हाटीच्या खुंटांवरून गाडी नेली तर एक्सलचे रबरी बूट आणि सील पाहत जा. ऑइल कमी होण्याची वाट बहुधा तिथूनच.

मूर्तिजापूर, गॅरेज

रुतलेल्या गाडीबद्दल राहिलं होतं. अर्ध्या क्लचवर रेस मारू नका. मडगार्डमध्ये दाटलेली काळी माती आधी काठीनं काढा, चाकाखाली बारदाना किंवा पऱ्हाट्या टाका आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच उचला. जळका वास आला की न्यूट्रलमध्ये, पेडलवरचा पाय काढून, 20-30 मिनिटं थांबा.

सेट बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम. जुन्या-नव्या प्लेटचा व्यास आणि स्प्लाइन (मधल्या छिद्रातले खाचदार दात) जुळवून पाहा. स्प्लाइनवर ग्रीस अगदी नखभर, जास्त झालं तर उडून प्लेटला लागतं. प्लेटची बाजू उलटी बसली तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवणं आलं, तेव्हा फ्लायव्हीलकडची खूण वाचूनच लावा.