फेंटरमीन घेतलीये का कुणी? हार्टला धोका असतो का खरंच?

स्नेहल_डॅलस
दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन हलतच नव्हतं म्हणून इथल्या डॉक्टरांनी फेंटरमीन 37.5 लिहून दिलीये, भूक मरते म्हणाले आणि मरते खरंच, पण तोंडाला सारखी कोरड आणि रात्री टक्क जागी. त्यात नवऱ्याने कुठेतरी वाचलं की याच गोळीने लोकांच्या हार्टचे व्हॉल्व्ह गेले, तेव्हापासून रोज तेच ऐकतेय. मला थायरॉईड कमीचा त्रास आहे, त्याची गोळी चालू आहे. आणि नागपूरची बहीण मागे लागलीये की मलाही पाठव.

गोळीवाली_जर्सी
फार्मसीत काम करते मी. आधी सांग, बाळ अंगावर पितंय का? पीत असेल तर ही चालतच नाही, आजच्या आज डॉक्टरांना फोन कर.
व्हॉल्व्हचं म्हणशील तर ते फेन-फेन प्रकरण. फेनफ्लुरामीन ही भूक मारणारी दुसरी गोळी आणि फेंटरमीन एकत्र द्यायचे, 1997 ला व्हॉल्व्हचे पेशंट सापडायला लागले, दोष फेनफ्लुरामीनवर आला आणि ती बाजारातून काढली, फेंटरमीन राहिली. म्हणजे नवरा अर्धा बरोबर :) पण फेंटरमीन ॲम्फेटामिन या उत्तेजक औषधाच्या भावकीतलीच आहे, बीपी आणि ठोके वाढवते, 1959 पासून मंजुरी आहे ती काही आठवड्यांपुरतीच. हार्टचा आजार, काचबिंदू, वाढलेला थायरॉईड असेल तर देत नाहीत. तुझा कमी आहे पण थायरॉईडच्या गोळीचा डोस जास्त होत असेल तर दोन्ही मिळून धडधड होईल, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घे. धाप, छातीत दुखणं, पायावर सूज, यातलं काही झालं तर गोळी बंद आणि थेट इमर्जन्सी.

ठाणेकर_काका
बहिणीला अजिबात पाठवू नका. आपल्याकडे ही एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, कुरिअर पकडलं गेलं तर निस्तरत बसाल. आणि तिने इथल्या 'हर्बल' स्लिमिंग कॅप्सूलकडेही वळू नये, असल्या मालात चोरून सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध घातलेलं बऱ्याचदा सापडलंय. हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोकच्या भीतीने ते 2010 ला अमेरिका-युरोपात बंद झालं, भारतात 2011 ला बंदी आली, तरी नुसतं हिरवं पान छापलं डबीवर की लोक डोळे मिटून घेतात!!

उमा_के
मी घेतलेली, बीपी नॉर्मल होतं. वजन उतरलं पण गोळी थांबल्यावर भूक दुप्पट होऊन आली आणि वजनही आलं बरंचसं. वाईट म्हणणार नाही, पण बीपी मोजायचं मशीन घरी नसेल तर घेऊच नये असं माझं मत.

स्नेहल_डॅलस
अंगावर पितंय अजून, रात्री एकदाच. कुणी विचारलंच नव्हतं मला! फोन केला, नर्स म्हणाली आत्ताच थांबवा, डॉक्टर उद्या बोलतील. बहिणीलाही सांगितलं सगळं, तर म्हणते बरं मग ओझेम्पिक (वजन उतरवायला लोक घेतात ते डायबेटिसचं इंजेक्शन) पाठव.