अल्पवयीन मुलांना ड्रग्ज विकणाऱ्याला थेट जन्मठेप हवी, पटतंय का?

निशाचर१२:
भाचा नववीत आहे. त्याच्या वर्गातल्या एका पोराच्या कंपासपेटीत, कर्कटक ठेवतो त्या खाचेत, एमडीची म्हणजे मेफेड्रोनची पुडी सापडली. देणारा ट्यूशनबाहेर बाइकवर बसून असायचा, पहिले दोनदा फुकट, मग उधारीवर, मग पोरगं आईच्या पर्समध्ये हात घालायला लागलं. चिडून कायदा काढून वाचला. जुवेनाइल जस्टिस ॲक्ट २०१५, कलम ७७, मुलाला दारू, तंबाखू, ड्रग्ज काहीही दिलं तर सक्तमजुरी "७ वर्षांपर्यंत" आणि १ लाखापर्यंत दंड. पर्यंत! म्हणजे सहा महिन्यांवर पण सुटू शकतो. जन्मठेपच पाहिजे.

सडेतोड:
जन्मठेप कशाला, लटकवा सरळ.

काळाकोट:
सडेतोडराव, एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, कलम ३१ए मध्ये फाशी आहेच, मोठ्या साठ्याच्या काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर. आधी ती सक्तीची होती, २०११ ला मुंबई हायकोर्टाने सक्ती काढली. फाशी सक्तीची होती तेव्हा धंदा बंद होता का?
निशाचर, तुम्ही ७७ वाचलंत पण त्याच कायद्याचं ८६ वाचलं नाहीत, पोलीस कधी धरू शकतात ते त्यात आहे. २००० च्या कायद्यात हीच शिक्षा ३ वर्षं होती, २०१५ ला ७ केली, झाली की वाढवून! पण २०२१ च्या दुरुस्तीत या ८६ मध्ये ३ ते ७ वर्षांवाले गुन्हे अदखलपात्र करून टाकले, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय पोलीस ना तपास करू शकत ना उचलू शकत. आईबाप चौकीत गेले की हातात एनसीचा, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीचा कागद. वर गंमत अशी की गुन्हा अजामीनपात्र ठेवलाय. ज्याला धरताच येत नाही त्याला जामीन नाही 😅

निशाचर१२:
मग एनडीपीएस लावा, त्यातले सगळे गुन्हे दखलपात्र आहेत ना.

काळाकोट:
लावतातच. पण पुडी केवढी? एमडीत २ ग्रॅमपर्यंत स्मॉल क्वांटिटी म्हणजे कायद्याने छोटा साठा, त्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शाळेजवळ विकलं, मुलांना झळ बसली तर शिक्षा वाढवायची सोय ३२बी मध्ये आहे, पण ती "किमान शिक्षेपेक्षा जास्त" द्यायची सोय आहे आणि छोट्या पुडीला किमान शिक्षाच ठेवलेली नाही.

निशाचर१२:
अहो मग मी वेगळं काय बोंबलतोय!! बाइकवाला कधीच ५० ग्रॅम, म्हणजे कायद्याने मोठा ठरणारा साठा, घेऊन फिरणार नाही, त्याला पण गणित येतं. आणि आत्ताच बघितलं, भारतीय न्याय संहितेचं कलम ९५, मुलाला गुन्ह्याच्या कामाला लावलं तर किमान ३ वर्षं, कमाल १०. म्हणजे पोराच्या हातात पुडी देऊन पोचवायला सांगितली तर किमान ३, आणि तीच पुडी पोराच्याच नाकात घातली तर किमान काहीच नाही. कोणी बसवलं हे?

काळाकोट:
हा मुद्दा मान्य. खरंच विचित्र आहे.

पावसाळी_ढग:
मी विरोधात आहे आणि कारण घरातलं आहे. माझा भाऊ १८ पूर्ण होऊन दोन महिने झाले होते, मित्र १७ चा, लहानपणापासून एकाच गल्लीत क्रिकेट खेळलेले, एका रात्री दोघांनी गांजा ओढला, आणला होता माझ्या भावाने. कायद्याच्या भाषेत तो "मुलाला अमली पदार्थ पुरवणारा". मित्राला त्रास व्हायला लागला, घाम, हातपाय गार, तर भावाने घाबरत घाबरत का होईना त्याच्या बाबांना फोन केला. डोक्यावर जन्मठेप असती तर केला असता का? मला नाही वाटत. पळालाच असता. आज भाऊ नोकरी करतो, मित्र पण ठीक आहे.

सडेतोड:
ताई, अपवाद धरून कायदे होत नसतात.

पावसाळी_ढग:
अपवाद कुठला हो? बहुतेक पोरांना पहिल्यांदा देणारा ओळखीचाच असतो, वर्गातला नाहीतर बिल्डिंगमधला. बाइकवाला नंतर येतो.

निशाचर१२:
ठीक आहे, मग पैसे घेऊन विकणारा वेगळा आणि सोबत ओढणारा वेगळा असं लिहा कायद्यात. वयाचं अंतर धरा, तीनचार वर्षं. पण बाइकवाल्याला तुमच्या भावाची सवलत नको.

खडूफळा:
मी शिकवते. तुम्ही सगळे एमडीवर अडकलात. माझ्याकडे सातवीतल्या मुलाचा रुमाल आहे, व्हाइटनरने कडक झालेला, ड्रॉवर उघडला की अजून वास येतो. २०१९ च्या केंद्राच्या नशेवरच्या सर्व्हेत हुंगायचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मोठ्यांपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त, १.१७ टक्के, मोठे ०.५८. आणि कलम ७७ च्या यादीत दारू, तंबाखू, नार्कोटिक, सायकोट्रॉपिक आहे, व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन यांचं नाव नाही. ते विकणाऱ्याला कुठली जन्मठेप देणार, काळाकोट?

काळाकोट:
मॅडम, आत्ता तरी उत्तर नाही माझ्याकडे. रुमाल टाकू नका पण.