बाबांच्या स्मरणसभेत पाच मिनिटं बोलायचंय, नेमकं काय बोलू?

धाकटी_लेक

बाबांना जाऊन महिना होत आला. त्यांचे शाळेतले जुने सहकारी आणि अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारा त्यांचा गट, असे दोघं मिळून स्मरणसभा घेतायत. घरच्यांतर्फे मी बोलायचं ठरलंय, कारण दादाने आधीच हात वर केलेत.

बाबा गणित शिकवायचे. शाळेतले लोक शाळेचं सांगतील, गटातले गटाचं. माझ्या वाट्याला 'घरातले बाबा' आलेत. लिहायला बसलं की कुटुंबवत्सल, मायाळू, निःस्वार्थी एवढंच उमटतं. वाचून पाहिलं तर हे कुणाच्याही वडिलांना लागू पडेल.

शिवाय एक अडचण आहे. 'कुटुंबवत्सल' हे खोटं नाही, पण तेवढं सरळही नाही. रविवारची सकाळ कायम गटाची. परीक्षा जवळ आल्या की संध्याकाळीही तेच. आई यावरून चांगलीच तोफ डागायची. बाबा सगळं ऐकून घ्यायचे आणि पुढच्या रविवारी जायचे ते जायचेच. हे सभेत सांगावं की गिळून टाकावं?

पिवळी_वही

बाबा गेल्याचं वाचून वाईट वाटलं. अशी बरीच भाषणं मी ऐकलीत, दोन-चार लिहूनही दिलीत, त्यावरून सांगते.

विशेषणं सगळी काढा. ती सूत्रसंचालक वापरणारच आहे. जन्मतारीख, नोकरीची वर्षं, पदं हेही त्याच्याकडे सोपवा. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांत पाचशे-सहाशे. तेवढ्यात एक माणूस नीट दिसू शकतो, अख्खं आयुष्य मावत नाही. मावायची गरजही नाही.

मला एक सांगा, रेकॉर्डिंग ते घरीही करायचे का? कसं करायचे? गोष्टीचं पुस्तक वाचणं वेगळं आणि गणिताचं वेगळं. माझा अंदाज आहे, तुमचं भाषण तिथेच कुठेतरी आहे.

धाकटी_लेक

घरीही करायचे. आतल्या खोलीत, दार लावून, पंखा बंद. उन्हाळ्यात घामाने सदरा पाठीला चिकटायचा, पण पंखा लावायचे नाहीत, घरघर रेकॉर्ड होते म्हणून. बाहेर आम्हाला चुळबुळ करायचीही बंदी. दादा मुद्दाम चेंडू आपटायचा.

गणित वाचायची त्यांची खास पद्धत होती. 'दोन एक्सचा वर्ग' असं म्हटलं तर वर्ग फक्त एक्सचा की दोन एक्सचा, हे ऐकणाऱ्याला कसं कळणार? एक्स ३ असेल तर एका अर्थाने उत्तर १८, दुसऱ्याने ३६. म्हणून ते म्हणायचे, 'कंस सुरू, दोन एक्स, कंस पूर्ण, कंसाचा वर्ग.' अपूर्णांक असेल तर, 'अंशात एक्स अधिक तीन, अंश संपला, छेदात दोन, छेद संपला.' कंटाळा न करता, पानंच्या पानं. एखादा कंस राहिला तर गणिताच्या सुरुवातीपासून पुन्हा.

आणि हे घरात शिरलं होतं! आई त्यांना रागावत असताना आम्ही मध्ये तोंड घातलं की बाबा हात वर करून म्हणायचे, 'थांबा, तिचा कंस पूर्ण होऊ दे.' आई आणखी चिडायची. कधीकधी हसायचीही. दहावीत मी रडत रडत काहीबाही बडबडत होते, तेव्हा माझ्याही बाबतीत तेच. एक शब्द बोलले नाहीत माझं संपेपर्यंत. मग विचारलं, 'झाला पूर्ण?'

स्पर्शलिपी

मी जन्मापासून अंध आहे, गणित घेऊन पदवी केली. हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय आणि तुमचा प्रतिसाद पुन्हा मागे जाऊन ऐकला.

बहुतेक वाचक 'कंस' म्हणतात आणि पुढे जातात. तो कुठे संपला ते आम्ही शोधत बसायचं. आब्राहम नेमेथ नावाचे अमेरिकन गणितज्ञ स्वतः अंध होते. त्यांनी १९५२ साली ब्रेलमध्ये गणित लिहायची पद्धत मांडली, ती नेमेथ कोड म्हणून आजही वापरतात. त्यांनाही डोळस माणसांकडून गणित वाचून घ्यावं लागायचं. म्हणून गणित मोठ्याने कसं वाचावं याचे नियमही त्यांनी बसवले. त्यांतही अपूर्णांक कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे बोलून दाखवायचं असतं. तुमचे बाबा तेच करत होते, नेमेथ माहीत असोत वा नसोत.

सभेत माझ्यासारखी मुलं असतील, त्यांना हे सांगा. आवाज ओळखीचा असतो, पण त्या आवाजाचा पंखा बंद होता हे आम्हाला माहीत नसतं.

बाराखडी

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त रविवारच्या भांडणाबद्दल वेगळं मत आहे. ते लपवू नका, पण आधी आईंना विचारा. ते रविवार तुमच्याइतकेच, खरं तर जास्त, त्यांचे गेलेत. भर सभेत मुलीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकायला लागलं तर बरं दिसणार नाही. त्यांनी नको म्हटलं तर नको.

आणि 'ते जगासाठी जगले, आम्ही समजून घेतलं' असल्या वाक्याने त्यावर पांघरूण घालू नका. समजून घेतलं नसेल तर नाही घेतलं.

पिवळी_वही

अगदी. कंसाच्या गोष्टीने सुरू करा, मग आतली खोली, मग आईंचा राग. शाळा आपोआप येईल, वेगळी आणायला नको. ओळखीचा एखादा विद्यार्थी असेल तर वर्गातही ते बोलणाऱ्याला असंच संपवू द्यायचे का, तेवढं विचारून घ्या.

कागद मोठ्या टाइपात छापा, एक प्रत दुसऱ्या कुणाकडे द्या. आवाज फुटला तर ते पुढे वाचतील.

धाकटी_लेक

आईला विचारलं. म्हणाली, 'सांग की. पण मी भांडायचे सोडून दिलं असं सांगू नकोस, शेवटच्या रविवारीही भांडले होते.' हे जसंच्या तसं घेतेय.

बाबांच्या एका विद्यार्थ्याशी बोलले. फळ्यावर मुलाचं चुकत असलं तरी सर शेवटच्या ओळीपर्यंत थांबायचे, वर्ग हसायला लागला तर वर्गाला गप्प करायचे, म्हणाला. बाकीचं तो स्वतःच बोलणार आहे, म्हणून मी एवढंच घेतलं.

दुसरी प्रत दादाकडे. चेंडूचं मी सांगणार कळल्यावर तो भाग आपणच वाचतो म्हणालाय. स्पर्शलिपी, नेमेथांचं गटातल्या लोकांना कळवलं, नवीन वाचकांना ते नियम शिकवता येतील का असं विचारतायत. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय.