वाळूत सगळं क्वार्ट्झच का? फेल्डस्पार जातं कुठे?

भिंगवाला:
नदीची वाळू भिंगाखाली घेऊन बसलो होतो. जवळपास सगळे दाणे काचेसारखे, राखाडी-पांढरे, म्हणजे क्वार्ट्झ. पण भूकवचात निम्म्याहून जास्त फेल्डस्पार हे खनिज आहे आणि क्वार्ट्झ साधारण १२ टक्केच असं वाचलंय, ग्रॅनाइटचा तुकडा बघितला तरी त्यात फेल्डस्पारच जास्त दिसतं. खडक फुटूनच वाळू होते ना, मग प्रमाण असं उलटं कसं झालं? बाकीचा माल गेला कुठे?

दगडफोड्या:
सोप्पंय. क्वार्ट्झ कडक, खनिजांचा कडकपणा मोजायच्या १ ते १० च्या मोह स्केलवर ७. बाकीचं घासून घासून संपतं, हे उरतं.

मातीतला:
दगडफोड्या, हे अर्धंच उत्तर झालं. फेल्डस्पार ६ आहे, म्हणजे फार काही मऊ नाही, आणि ऑलिव्हिन हे हिरवं खनिज तर साडेसहा ते सात, क्वार्ट्झच्या जवळपास, तरी सगळ्यात आधी तेच गायब होतं. त्यामुळे नुसत्या कडकपणावर हिशोब लागत नाही. हां, फेल्डस्पार ठराविक सपाट पातळ्यांवर फुटतं आणि क्वार्ट्झला तशा पातळ्याच नाहीत, हा फरक पडतो, पण खरा खेळ रासायनिक विदारणाचा, म्हणजे पाण्या-हवेने खनिज कुजण्याचा आहे.

पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होतं, पीएच ५.६ च्या आसपास. फेल्डस्पारमध्ये काही सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियम बसलेलं असतं आणि चार्ज जुळवायला पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम घेतलेलं असतं, पाण्यातले हायड्रोजन आयन नेमके त्यांनाच बाहेर काढतात आणि मागे उरते केओलिनसारखी चिकणमाती. क्वार्ट्झमध्ये सिलिकॉन आणि ऑक्सिजनशिवाय काहीच नाही, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनमध्ये अडकलेला, काढायचं कुणाला?

ग्रॅनाइट ताजा फोडून बघा, उन्हात फिरवला की फेल्डस्पारच्या सपाट बाजू चमकतात. मग बरीच वर्षं उघड्यावर पडून कुजलेला ग्रॅनाइट घ्या, तेच फेल्डस्पार खडूसारखं मळकट झालेलं असतं, नखाने खरवडलं तर पीठ निघतं, आणि त्याच्या शेजारचं क्वार्ट्झ मात्र तसंच तेलकट काचेसारखं. तुमचा हरवलेला माल म्हणजे ते पीठ. ते इतकं बारीक की पाण्यात तरंगत लांब जातं आणि जिथे पाणी शांत असेल तिथे बसतं, पुढे त्याचाच शेल नावाचा खडक होतो. गाळाच्या खडकांत निम्म्याहून जास्त वाटा अशा चिखलाच्या खडकांचाच आहे, वाळूवाले त्यामानाने कमी.

भिंगवाला:
भारी! पण ऑलिव्हिन सगळ्यात आधी जातं म्हणता, मग हवाईत पापाकोलेआला पूर्ण हिरवा किनारा कसा काय? तो ऑलिव्हिनचाच आहे ना?

मातीतला:
हो, ऑलिव्हिनचाच. कारण तिथे ज्वालामुखीची टेकडी किनाऱ्यालाच आहे, लाटा ती खातायत, हलकी राख वाहून जाते आणि जड ऑलिव्हिन मागे राहतं. नवीन माल रोज पडतोय म्हणून दिसतो, लांब नदीतून यायचं असतं तर पोचलाच नसता. मॅग्मातून जे खनिज जास्त तापमानाला आधी तयार होतं ते पृष्ठभागावर आधी मरतं, म्हणजे मॅग्मा थंड होताना खनिजं ज्या क्रमाने तयार होतात त्या बोवेनच्या सिरीजच्याच क्रमाने ती नष्ट होतात. भूवैज्ञानिक गोल्डिचने १९३८ मध्ये हेच मांडलं होतं.

खडकाळ:
थोडी भर घालतो. वाळू म्हटलं की क्वार्ट्झ हे दर वेळी खरं नाही. वाळू हे फक्त दाण्याच्या आकाराचं नाव, ०.०६ ते २ मिमी. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्सला अख्ख्या टेकड्या जिप्समच्या आहेत, कडकपणा २ आणि वर पाण्यात विरघळणारं, तरी टिकलंय कारण हवा कोरडी आणि त्या खोऱ्यातून समुद्राकडे जाणारी नदीच नाही. आणि डोंगर जवळ असेल, झीज झटपट होत असेल तर फेल्डस्पारसुद्धा टिकतं, अशा वाळूचा जो वालुकाश्म होतो त्याला अर्कोज म्हणतात. म्हणजे वाळूत फेल्डस्पार किती यावरून ती किती लांबून आली, हवा कशी होती, याचा थोडाफार अंदाज येतो. थोडाफारच हं, लगेच नकाशा काढायला बसू नका.

दगडफोड्या:
मग क्वार्ट्झच सगळ्यात चिवट आहे का?

खडकाळ:
नेहमीच्या खनिजांत हो. पण झिर्कॉन नावाचं खनिज त्याच्याही वरचढ. ऑस्ट्रेलियात जॅक हिल्सला झिर्कॉनचे दाणे ४४० कोटी वर्षांपर्यंत जुने सापडलेत आणि ते ज्या खडकात बसलेत तो खडक साधारण ३०० कोटींचा, म्हणजे दाणे आधीच्या कुठल्या तरी खडकातून सुटून तिथे आलेले. भिंगवाला, तुमच्या वाळूतले काळे दाणे बाजूला काढून चुंबक फिरवा, चिकटले तर बहुतेक मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज. जड दाणे असे एकत्रच साठतात, झिर्कॉन असलाच तर त्यांच्यातच असेल, पण तो इतका बारीक असतो की साध्या भिंगाने ओळखणं अवघड.