मदत हवी आहे : मालवणहून नेरूळला लेकीला मॅच दाखवायला न्यायचंय

मंडळी नमस्कार, आम्ही मालवणचे. लेक सातवीत आहे, ऑफस्पिन टाकते, दीप्ती शर्मा म्हणजे तिचं दैवत. 2023 च्या डिसेंबरात इंग्लंडच्या बायकांची टीम आलेली तेव्हा नेरूळच्या डी वाय पाटील स्टेडियमला टेस्ट झाली, दीप्तीने 7 रनांत 5 विकेट काढल्या आणि आपण 347 रनांनी जिंकलो, तेव्हा आमचं जायचं राहून गेलं. मग 2025 चा वर्ल्डकप फायनलही तिथेच, तोही घरी टीव्हीवरच बघितला आणि पोरगी रडली हो आनंदाने.

आता पुढच्या वेळी बाहेरची टीम दौऱ्यावर आली आणि मॅच तिथे लागली की न्यायचंच. कुडाळहून गाडीने पनवेल आणि तिथून लोकलने नेरूळ एवढं कळतं, पण संध्याकाळी 7 ची टी-20 संपवून बाहेर पडून त्याच रात्री पनवेलला कोकणकन्या मिळते का, की राहावंच लागेल? पोरीला घेऊन राहायला स्वस्त आणि सुरक्षित कुठे? आणि बॉलर नेटमध्ये जवळून दिसतील असा स्टँड कुठला? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.