बसमधली मारामारी आणि प्रार्थनेचा फॉरवर्ड

सेक्रेटरी: शाळेकडून आज आपल्यातल्या काही पालकांना चिठ्ठ्या आल्यात. बसमध्ये शिवीगाळ, दप्तरं फेकणं आणि बसमधल्या ताईंना उलट उत्तरं. सगळी मुलं आपल्याच सोसायटीची. मी नावं इथे टाकत नाही, कुणी टाकूही नयेत. ज्यांची आहेत त्यांना कळली आहेत.

सी ७०१ काका: (फॉरवर्ड) अमेरिकेत १९६२ साली शाळेतली प्रार्थना बंद केली. तेव्हापासून गुन्हे वाढले, घरं मोडली, मुलं बंदुका घेऊन शाळेत यायला लागली. वेळीच जागे व्हा. दहा जणांना पाठवा.

ए ५०३: काका, आपल्या मुलांच्या शाळेत रोज प्रार्थना होते की. आज दप्तर फेकणाऱ्यांनीही सकाळी ती म्हटली असणार.

सी ७०१ काका: तोंडाने म्हणतात हो. मनात काही नसतं. आमच्या वेळी

ए २०४: काका, 'आमच्या वेळी' सुरू झालं की ग्रुपवर रात्रीचे अकरा वाजतात.

डी १०१ वकील: त्या फॉरवर्डवर थोडं लिहितो, कारण तो दर दोन महिन्यांनी फिरून येतो. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने स्वतःच एक २२ शब्दांची प्रार्थना तयार केली होती. शाळांनी ती रोज म्हणवून घ्यायची. काही पालक कोर्टात गेले. 'एंगल विरुद्ध विटाली', १९६२. सुप्रीम कोर्ट म्हणालं, प्रार्थना रचून ती शाळेत म्हणवून घेणं हे सरकारचं काम नाही. पुढच्या वर्षी शाळेच्या वतीने होणारं बायबलवाचनही थांबलं. पण एखाद्या मुलाने पेपर हातात घेण्याआधी मनात देवाचं नाव घ्यायला तेव्हाही बंदी नव्हती, आजही नाही.

डी १०१ वकील: आणि गंमत बघा. विस्कॉन्सिनच्या कोर्टाने सरकारी शाळेतलं बायबलवाचन १८९० मध्येच थांबवलं होतं, इलिनॉयच्या कोर्टाने १९१० मध्ये. फॉरवर्डचं गणित खरं असेल तर तिथली मुलं पन्नास वर्षं आधीच बिघडायला हवी होती.

ए ५०३: पण गुन्हे वाढले हे तर खरं ना?

डी १०१ वकील: वाढले. साधारण १९९० पर्यंत वाढत गेले, मग उतरले. शाळेत मुलांवर होणाऱ्या मारहाण-चोरीच्या घटनांचं प्रमाण १९९२ ते २०१९ या काळात ८० टक्क्यांहून जास्त घटलं. मधल्या काळात कुणी प्रार्थना परत आणली नव्हती. बंदुकांचा प्रश्न वेगळा आणि भयंकर आहे, पण त्याचं खापर १९६२ च्या निकालावर फोडता येत नाही.

सी ७०१ काका: आकडे वाकवावे तसे वाकतात. मग संस्कार येणार कुठून ते तरी सांगा.

ए ५०३: घरातून. आणखी कुठून?

ए २०४: 'घरातून' म्हणजे आईकडून, तेही स्पष्ट लिहा. चिठ्ठी आली की सगळ्यांच्या माना आईकडेच वळतात. माझी दोन्ही मुलं या शाळेत आहेत. घर एक, आई एक, प्रार्थनाही तीच. मोठ्याबद्दल आजवर अवाक्षर आलं नाही. धाकट्याची डायरी लाल शाईने भरलीय. आता सांगा, माझे संस्कार एकावर लागले आणि दुसऱ्यावरून घसरले का?

बी ६०५: वहिनी, हा प्रश्न जुना आहे आणि त्यावर चांगलं काम झालंय. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञ नवरा-बायकोने १९५६ पासून शंभरावर मुलं तान्हेपणापासून मोठी होईपर्यंत पाहिली. काही मुलं पहिल्यापासूनच सरळ. दहातलं एखादं मात्र भूक, झोप, नवा माणूस, सगळ्यावरून रान उठवणारं. त्या वेळी मुलाचं काहीही बिघडलं की आईला दोष द्यायची पद्धत होती, आणि या दोघांनी ती खोडून काढली. त्यांचं म्हणणं असं, की मुलाचा पिंड आणि आजूबाजूच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही यावर पुढचं बरंच ठरतं.

ए २०४: हे माझ्या सासरच्या ग्रुपवर टाकू का?

सेक्रेटरी: मधेच एक सूचना. बी विंगची लिफ्ट उद्या दुपारी दोन तास बंद. चालू द्या.

बी ४०२ बाई: मी गप्प राहणार होते. पण उभा जन्म शाळेत गेला, म्हणून लिहिते. लांब होईल.

प्रार्थनेला मी मुलांसमोर उभी राहायचे. समोरून सगळं दिसतं. डोळे मिटा म्हटलं की निम्मे मिटतात, उरलेले पापण्यांच्या फटीतून शेजाऱ्याने मिटलेत का ते बघतात. सातवीतला एक मुलगा होता, गळा इतका गोड की प्रार्थना सांगायला नेहमी तोच पुढे. एकदा त्याला रांगेत मागे उभं केलं. ओठ हलत होते, सूर पक्का, आणि हातातल्या कर्कटकाच्या टोकाने पुढच्या मुलाच्या दप्तराचा पट्टा उसवणं चाललं होतं. एक टाका, मग दुसरा. ओळ मात्र एकही चुकली नाही हो!

प्रार्थना संपली की रांग जिन्यापर्यंत अगदी शिस्तीत जायची. जिन्याच्या वळणावर मी दिसेनाशी झाले की ढकलाढकली. रोज. सूचना देऊन झाल्या, सुविचार लिहून झाले, शिक्षा करून झाल्या. शेवटी त्या वळणावर एक शिक्षक उभा केला. ओरडायला नाही. जाणाऱ्या पोराला नावाने हाक मारायची, 'काय गं, ताप उतरला का', 'काल का नव्हतास रे', एवढंच काम. सहामाही यायच्या आत जिना शांत झाला.

याचा अर्थ प्रार्थना फुकट, असा काढू नका. घरून रडून आलेलं, धावत आलेलं पोर पाच मिनिटं एका जागी उभं राहतं, इतक्या जणांच्या आवाजात आपला आवाज मिसळतं, श्वास जागेवर येतो. त्याने पहिला तास बरा जातो, हे मी छातीठोकपणे सांगेन. मधल्या सुट्टीपर्यंत तो परिणाम पुरत नाही, हेही सांगेन.

सी ७०१ काका: म्हणजे बाई, तुम्हीसुद्धा प्रार्थनेच्या विरोधात?

बी ४०२ बाई: काका, शेवटचा परिच्छेद परत वाचा.

बी ६०५: बाईंच्या जिन्यावरून एक जुना अभ्यास आठवला. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे, अमेरिका, १९२८. जवळपास ११,००० मुलांची प्रामाणिकपणाची परीक्षा घेतली. एक पद्धत फार चलाख होती. मुलांचे पेपर गोळा करायचे, गुपचूप नक्कल करून ठेवायची, मग मूळ पेपर परत देऊन 'उत्तरं तुम्हीच तपासा' म्हणायचं. कुणी कुठे खाडाखोड केली ते नंतर जुळवून कळायचं. निघालं असं की एका ठिकाणी सरळ वागणारं मूल दुसरीकडे बिनधास्त लबाडी करतं. रविवारी चर्चमध्ये भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला नियमित जाणाऱ्यांत आणि न जाणाऱ्यांत म्हणावा तसा फरक नव्हता. एकाच वर्गातली मुलं मात्र एकमेकांसारखी वागत होती, आणि जिथे शिक्षकांशी जवळीक होती तिथे लबाडी कमी होती.

ए ५०३: म्हणजे प्रार्थना नाही, घर नाही, सगळं वर्गशिक्षकावर? पालक सुटले!

बी ६०५: सुटले कसे? भावंडांच्या वागण्यातही सारखेपणा सापडला होता. घर आहेच त्यात.

ए २०४: घराचा विषय निघालाच आहे तर एक विचारते. चिठ्ठीत एका मुलाने बसमधल्या ताईंना काय ऐकवलं ते लिहिलंय. 'तुझी नोकरी घालवीन.' नऊ वर्षांच्या पोराला नोकरी घालवणं कुठून सुचतं? मला माहीत आहे कुठून. आपल्या गेटवर, गाडीची काच खाली करून, वॉचमनला. हेच वाक्य, हाच सूर. बॅरियर उचलायला जरा उशीर झाला म्हणून. गाडीचा नंबर लिहीत नाही.

डी ३०२: हा संदेश डिलीट केला आहे

सेक्रेटरी: वैयक्तिक नको. प्लीज.

बी ६०५: वैयक्तिक सोडून लिहितो. स्टॅनफर्डमध्ये १९६१ साली अल्बर्ट बांडुरा यांनी लहान मुलांसमोर एका मोठ्या माणसाला हवा भरलेल्या बाहुलीला बदडायला लावलं. नंतर मुलांना तशाच बाहुलीबरोबर सोडलं. बऱ्याच मुलांनी मारही तसाच मारला आणि मारताना शब्दही तेच वापरले. कुणी त्यांना 'असं कर' म्हटलं नव्हतं.

सी ७०१ काका: म्हणूनच म्हणतो, आधी पालकांनाच प्रार्थनेला उभं करा.

ए २०४: काका, आज पहिल्यांदा तुमचं पटलं.

सी ७०१ काका: आणि बस निघण्याआधी प्रार्थना सक्तीची करा. मी स्वतः येऊन घेईन.

डी १०१ वकील: काका, सक्ती जमणार नाही. घटनेचा अनुच्छेद २८(३). सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेत धार्मिक उपासनेला बसवायचं तर मूल अल्पवयीन असताना पालकाची संमती लागते. आणि केरळमधली तीन भावंडं आठवा, 'बिजो इमॅन्युएल', १९८६. राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे म्हणायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. चौकशीत निघालं की मुलं शिस्तीची, कुणाचा अनादर न करणारी. सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. म्हणजे न म्हणताही नीट वागणारी मुलं असतात, आणि म्हणून दप्तराचा पट्टा उसवणारीही.

ए ५०३: सगळं वाचलं. पण सोमवारी सकाळी करायचं काय? मला चिठ्ठी आलीय, लपवत नाही.

बी ६०५: संस्कार वगैरे राहू दे. झोपतो किती वाजता?

ए ५०३: साडेअकरा. कधी बारा.

बी ६०५: आणि बस सातला. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. मॉन्ट्रियलमध्ये ७ ते ११ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला, २०१२ मध्ये तो छापून आला. काहींना पाच रात्री लवकर झोपवलं, काहींना उशिरा. कोण कुठल्या गटात ते शिक्षकांना सांगितलं नव्हतं. सरासरी २७ मिनिटं जास्त झोपलेली मुलं वर्गात कमी चिडचिडी आणि जास्त आवरती दिसली, उशिरा झोपलेली उलट. अर्ध्या तासाचा मामला आहे.

ए २०४: लिहायला सोपं आहे. आमच्याकडे बाबाच साडेदहाला येतो. मूल बाबाची वाट बघत जागतं. त्याला झोपवलं तर आठवडाभर बापाचं तोंड दिसणार नाही. यावर काय अभ्यास आहे?

बी ६०५: यावर माझ्याकडे उत्तर नाही, वहिनी.

बी ४०२ बाई: सकाळी भेटवा. उठवायला बापानेच जायचं. रात्री जे बोलायचं ते सकाळी दूध पिताना बोलायचं. आमच्या शाळेतल्या एका ड्रायव्हरच्या घरी हेच चालायचं.

ए २०४: बघते. त्यालाच वाचायला देते हे.

बी ४०२ बाई: आणि मंडळी, तुमच्या लक्षात आलंय का? हे सगळं वर्गात घडलेलं नाही, घरातही नाही. बसमध्ये घडलंय. तिथे ना वर्गशिक्षक ना आई. एक ताई, चाळीस मुलं, आणि त्या ताईंचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.)

ए ५०३: मला नाही माहीत.

सेक्रेटरी: मलाही नाही. उद्या विचारतो.

बी ४०२ बाई: विचारायला तुम्ही नका जाऊ, मुलांना घेऊन पालकांनी जा. ज्यांना चिठ्ठी आली त्यांनी आधी. माफीचं भाषण पाठ करून घेऊ नका, नाव विचारा आणि रोज त्या नावाने नमस्कार करायला लावा. दुसरं, बसायच्या जागा ठरवून द्या, मोठ्याशेजारी लहान. तिसरं, बसथांब्यावर रोज एक मोठा माणूस हवा, हातात मोबाइल नको.

सी ७०१ काका: मोबाइल नको म्हणजे फॉरवर्डही नको का?

बी ४०२ बाई: त्या पंधरा मिनिटांत तरी नको.

सी ७०१ काका: मी येतो सोमवारी. पण प्रार्थना असावी हे माझं मत कायम आहे.

बी ४०२ बाई: असू द्या. मुलांनी स्वतःहून म्हटली तर मीही म्हणेन.

सेक्रेटरी: सोमवार काका. मंगळवार ते शुक्रवार नावं द्या. डी ३०२, तुमचं कुठल्या वारी टाकू?

डी ३०२: बुधवार.