रिकर्व्हच्या बाणाला सरसकट 120 ग्रेनचं टोक कशाला?

टिळकवाडीकर:
बेळगाव, खानापूर, निपाणीकडची नवीन पोरं बघा. धनुष्य रिकर्व्ह (वळलेल्या भुजांचं), ओढायला 28 ते 32 पौंडांचं, बाण 4.2 मिमी आतल्या व्यासाचा कार्बन, आणि पुढे ठरलेलं 120 ग्रेनचं (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) स्टीलचं टोक. कुणी विचारलं तर उत्तर एकच: "आपल्याकडं वारा लय, टोक जडच पाहिजे." माझा याला स्पष्ट विरोध आहे. 34 पौंडांच्या खाली 80 ते 100 ग्रेनच लावा.

हिशेब मांडतो. 28 इंचाचा शाफ्ट (बाणाची काठी), इंचाला 6 ग्रेन धरले तर 168 ग्रेन. नॉक (दोरीत अडकणारा मागचा तुकडा) 10, तिन्ही व्हेन (मागची पिसं) मिळून 8. यात 80 ग्रेनचं टोक घातलं तर बाण 266 ग्रेनचा होतो, 100 चं घातलं तर 286, आणि 120 चं घातलं तर 306. आता तोल बघा. बाण बोटावर तोलून नॉकच्या खाचेपासून तोलबिंदूपर्यंत मोजायचं, त्यातून शाफ्टची निम्मी लांबी वजा करायची, उरलं त्याला पूर्ण लांबीने भागून 100 ने गुणायचं. वरच्या बाणात 80 ग्रेनला साधारण 12 टक्के येतात, 100 ला साडेचौदा, 120 ला जवळजवळ 17. रिकर्व्हला 11 ते 16 टक्के भरपूर झाले. त्यापुढे पोराच्या पदरात फक्त बाणाचा झोल (लांबवर खाली पडणं) पडतो.

शिवाय टोक जड केलं की तोच शाफ्ट सुटताना जास्त वाकतो, म्हणजे चालताना मऊ होतो. 700 स्पाइन म्हणजे 28 इंचांवर टेकवलेल्या शाफ्टच्या मध्यावर 880 ग्रॅम टांगले की तो 0.700 इंच वाकतो, एवढंच. तो आकडा स्थिर शाफ्टचा. टोक बदललंत की शाफ्ट निवडायचा तक्ता पुन्हा बघावा लागतो, आणि तो कुणी बघत नाही.

निपाणीकर:
हिशेब बरोबर, निष्कर्ष पटला नाही ओ. मार्च ते मे दुपारनंतर पश्चिमेचा वारा धरतो तेव्हा मैदानात उभं राहून बघा की. 266 ग्रेनचा बाण 50 मीटरवर वाऱ्यानं सरकतो तो पोराला कळतही नाही, तो नेम बदलत बसतो. बाणाची जाडी तीच ठेवून वजन वाढवलं तर वारा त्याला कमी ढकलतो. आणि वजन पुढच्या बाजूला असलं की मागच्या व्हेनला बाण सरळ करायला जास्त जोर मिळतो. तुम्ही स्पाइन मऊ होते म्हणता, तर 700 ऐवजी 600, म्हणजे कमी वाकणारा, घ्या. टोक कमी करणं हा पर्याय नव्हे, शाफ्ट बदलणं हा पर्याय. नाहीतरी पोरगं वर्षभरात चार पौंड वाढवणार आहे. मग तोच शाफ्ट कामाला येतो.

टिळकवाडीकर:
600 स्पाइनचा शाफ्ट स्वतःच जड असतो, हे सोडलंत. इंचाला 6 चे 7 ग्रेन धरले तरी 28 ग्रेन वाढले, वर 120 चं टोक. बाण 334 वर गेला. 30 पौंडांवर याचा परिणाम साइटवर (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनावर) दिसतो: 70 मीटरला साइट इतकी खाली उतरवावी लागते की पट्टी संपते, नाहीतर बाणाची व्हेन साइटला घासते. मग पोरगं साइट आत ओढून घेतं, हनुवटीचा टेक (ओढलेला हात टेकवायची जागा) बदलतं, आणि फॉर्म तिथंच बिघडतो. वाऱ्यातली दोन रिंगांची चूक परवडली, टेक बदललेला परवडत नाही.

आणि हलका बाण लवकर पोचतो, त्यामुळे वाऱ्याच्या तावडीत कमी वेळ राहतो. "जड म्हणजे वाऱ्यात चांगला" हे ताकदीच्या धनुष्याला खरं. 44 पौंडांवर 120 लावणाऱ्या सीनियरचं बघून 28 पौंडांच्या मुलीला तेच देणं चूक.

खानापूरवाला:
तुम्ही दोघं ग्रेनवर भांडताय, पण या भागात टोकाचा खरा शत्रू जमीन आहे. आमच्याकडं तांबडी माती, वर जांभ्याचे खडे. नवशिक्याचा चुकलेला बाण बटाच्या (निशाण्यामागच्या फळीच्या) खाली जातो आणि खड्यावर आपटतो. टोक मागं सरकतं आणि शाफ्टचं तोंड उकलतं. वरून बघितलं तर काहीच दिसत नाही. टोक आणि शाफ्टच्या सांध्यावर नख फिरवा. नख अडलं किंवा केसाएवढी फट लागली तर बाण बाजूला काढा. मग शाफ्टवरून कापूस फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं कार्बन उकललाय. असा शाफ्ट सोडताना फुटला तर धनुष्य धरलेल्या हातात काडी घुसते. यात तडजोड नको.

यासाठी टोकाचा आत जाणारा दांडा लांब असलेला बरा. 120-110-100 असं तुकडे तोडून कमी करायचं टोक आणलं आणि शेवटचे दोन्ही तुकडे मोडले, तर आतला आधार तेवढा आखूड झाला. 100 च हवं असेल तर मुळातच 100 चं घ्या, मोडून करू नका. निपाणीकर म्हणतात ते 120 मला या एका कारणासाठी मान्य आहे.

अथणीकर:
आमच्या काळ्या मातीत खडे नाहीत, पण उन्हाळ्यात ढेकळं दगडासारखी होतात आणि भेगा पडतात, बाण भेगेत जातो तो सापडत नाही. ते असो. मी कंपाउंडवाला (चाकांच्या धनुष्याचा), माझा मुद्दा गोंदाचा. सगळे हॉट मेल्ट (तापवून लावायचा गोंद) लावतात कारण टोक परत काढता येतं. पण दाट फोमच्या बटात जलद बाण घुसला की घासून तापतो. लगेच ओढला तर शाफ्ट हातात येतो आणि टोक फोममध्ये राहतं. म्हणून मी दोन भागांचा इपॉक्सी लावा म्हणतो. 24 तास सुकू द्या, मग टोक हलत नाही.

खानापूरवाला:
इपॉक्सीला माझा ठाम नकार. टोक वाकलं तर काढणार कसं? इपॉक्सी सुटेपर्यंत तापवलं तर शाफ्टमधला राळ जातो, कारण कार्बनचे धागे तशाच राळेनं बांधलेले असतात. टोक वाचवायला गेलात आणि शाफ्ट गेला.

हॉट मेल्ट सुटतं ते बहुतेक वेळा आतून शाफ्ट पुसलेला नसतो म्हणून. कापताना पडलेली कार्बनची पूड आत राहते आणि गोंद त्या पुडीला चिकटतो. इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून आत फिरवा, काळं निघायचं थांबेपर्यंत. टोकाच्या दांड्यावरचं तेल पुसून त्याला बारीक पॉलिश पेपरनं ओरखडे द्या. नॉक काढून ठेवा, हे विसरू नका. मागून बंद शाफ्टमध्ये आतली हवा तापून फुगते आणि बसवलेलं टोक हळूच बाहेर ढकलते. ते सुरुवातीला जाणवत नाही, मग सहांतले दोन बाण वेगळे जातात आणि कारण कळत नाही. आता टोक पक्कडीत धरून फक्त टोकच स्पिरिटच्या दिव्यावर गरम करा, शाफ्ट ज्योतीजवळ नेऊ नका. गोंदाची कांडी दांड्यावर सगळीकडून फिरवा, टोक गोल फिरवत आत घाला, बाहेर आलेला गोंद गरम असतानाच पुसा. काढायचं असेल तेव्हा टोकाकडचा भाग उकळत्या पाण्यात थोडा वेळ धरून पक्कडीनं फिरवत ओढा. फोममधून ओढण्याआधी बाण दोन मिनिटं थंड होऊ द्या, एक हात बटाला दाबून ठेवा आणि शाफ्ट फोमलगत धरून सरळ ओढा. शाफ्टला साबण चोळला तर घर्षण बरंच कमी होतं.

निपाणीकर:
आणि वजन करा, सगळे! पाकिटावर 100 लिहिलंय म्हणून बारा टोकं सारखी नसतात. एक ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम, म्हणजे किराणा दुकानातल्या काट्याला हे दिसणारच नाही. हुपरीच्या चांदीवाल्यांकडं असतो तसला 0.01 ग्रॅमचा काटा हवा. 100 ग्रेनचं टोक 6.48 ग्रॅम भरलं पाहिजे. एका संचात एका ग्रेनपेक्षा जास्त फरक ठेवू नका.

टिळकवाडीकर:
काट्याला दुजोरा. पण शेवटी टोक ठरवायचं ते मैदानात. तीन व्हेनवाले आणि दोन बिनव्हेनचे बाण, आधी 18 मीटर, मग 30. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बिनव्हेनचा बाण घोळक्याच्या उजवीकडं गेला तर बाण मऊ: टोक 10 ग्रेन कमी करा, नाहीतर शाफ्ट पाव इंच कापा, नाहीतर प्लंजरची (धनुष्यावर बाणाला बाजूनं टेकणाऱ्या बटणाची) स्प्रिंग आवळा. डावीकडं गेला तर उलट. एका वेळी एकच गोष्ट बदला. निपाणीकर, तुमचा 600 चा शाफ्ट 30 पौंडांवर असा लावून बघा. 120 टाकूनही तो डावीकडंच जाईल अशी माझी पैज आहे.

कागवाड उसवाला:
जरा वेगळं विचारतो. उसात डुकरं लय नुकसान करतात. ऑनलाइन दिसतात ती पाती उघडणारी मेकॅनिकल ब्रॉडहेड टोकं आपल्या 40 पौंडांच्या धनुष्यावर चालतील का?

खानापूरवाला:
नाही, आणि आधी कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 9 प्रमाणं शिकार बंद आहे, डुक्कर धरून. पिकाच्या नुकसानीचा मार्ग कलम 11 मधून, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीनं जातो. तो तिरंदाजाच्या हातात नाही. वनखात्याकडं नुकसानभरपाईचा अर्ज करा. आमच्याकडं तर भीमगड अभयारण्य लागूनच आहे.

दुसरं, ती टोकं अमेरिकेत हरणाच्या परवानाधारक शिकारीसाठी बनतात, बहुतेक 100 किंवा 125 ग्रेनची. पाती मिटलेली असतात म्हणून उडताना साध्या टोकासारखी उडतात, हाच त्यांचा गुण. स्थिर पात्याचं टोक मागच्या व्हेनशी वाऱ्यात भांडतं, धनुष्य नीट जुळलेलं नसेल तर बाण भरकटतो. पण मेकॅनिकलची पाती उघडायला बाणाचीच ऊर्जा खर्च होते. 40 पौंडांच्या रिकर्व्हला ते परवडत नाही. पाती अर्धवट उघडतात, तिरका लागला तर बाण घसरतो आणि जनावर जखमी होऊन पळतं. तिथले जाणते शिकारीही कमी पौंडांना स्थिर, अरुंद पातंच सांगतात.

अथणीकर:
आणि सरावाला म्हणूनसुद्धा आणू नका. बट आणि कागद फाडणारा बाण स्पर्धेत चालत नाही. एका दुपारीत फोमची पाटी चिरून निघते.

निपाणीकर:
डुकरांच्या बाबतीत खानापूरवाल्यांशी सहमत. पण टिळकवाडीकर, पैज स्वीकारली. 600 चा शाफ्ट पूर्ण लांब ठेवायचा, 28 वर कापायचा नाही, मग बघू डावीकडं जातो का.

टिळकवाडीकर:
पूर्ण लांब म्हणजे वजन आणखी वाढलं. मग 70 मीटरची साइटही त्याच दिवशी दाखवा.